अपडेटनंतर प्लेयरमध्ये काही राग चढ्या पट्टीत वाजतायत, काही बरोबर वाजतायत

पांढरीपाच_मिरज

नमस्कार मंडळी. मी मिरजेत गाणं शिकवते. बिघाड संगणकातला आहे, पण मला तो कानानं कळला, त्यामुळे स्वरांच्या भाषेतच सांगते. तांत्रिक माहिती विचाराल ती पुरवीन.

क्लासच्या खोलीत विंडोज ११ असलेला डेस्कटॉप आहे. त्याला यूएसबीवर चालणारा छोटा डॅक (संगणकातल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी), पुढे अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. गाणी ऐकायला बरीच वर्षं एकच फुकट मिळणारा प्लेयर वापरते. प्लेयरचं आणि डॅकचं नाव इथे लिहीत नाही. मला कुणाबद्दल तक्रार करायची नाही, फक्त दुरुस्ती हवी आहे. मदतीसाठी नाव लागणार असेल त्यांना निरोपातून कळवते.

गेल्या आठवड्यात प्लेयरचं अपडेट आलं. तेव्हापासून संग्रहातले बरेचसे राग चढ्या पट्टीत वाजतायत. एक उदाहरण देते. एका ज्येष्ठ गायकांची काळी एकमधली, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरलेली, तोडी आहे, सीडीवरून घेतलेली फ्लॅक (आवाज न गमावता लहान केलेली) फाइल. माझे पुरुष विद्यार्थी काळी एकला तानपुरा लावून त्या ध्वनिमुद्रणासोबत बसतात. आता त्यातला षड्ज पांढरी दोन ओलांडून वर जातो आणि काळी दोनला पोचत नाही, दोन्हींच्या अधेमधे राहतो. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं बारीक बटण फिरवून फिरवून जुळवला तेव्हा ही जागा पक्की कळली. पेटीवर तर तो सूरच सापडत नाही, कारण तो दोन पट्ट्यांच्या मध्ये आहे.

नुसता स्वर चढलेला नाही, लयही वाढली आहे. विलंबित एकतालाचा ठेका मागून कुणी ढकलल्यासारखा येतो, गायकाचा आवाज बारीक होतो, मागच्या तानपुऱ्यांची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, किरकिरी लागते. प्लेयरमधला सेकंदांचा आकडा भिंतीवरच्या घड्याळापेक्षा भरभर पळतो.

आता गोंधळात टाकणारी गोष्ट. सगळ्या फाइली अशा नाहीत. विद्यार्थ्यांच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमांचं जे ध्वनिमुद्रण व्हिडिओ कॅमेऱ्यावरून काढलं आहे, ते अगदी बरोबर वाजतं. सीडीवरून घेतलेलं सगळं चुकतं. माझ्या गुरूंच्या कॅसेटींवरून एका दुकानातून करून घेतलेल्या एमपी३ फाइलीही चुकतात. फ्लॅक की एमपी३ यानं काही फरक पडत नाही. आणि हीच तोडी व्हीएलसी या दुसऱ्या प्लेयरमध्ये लावली तर काळी एकलाच वाजते.

प्लेयरमधला वेगाचा पर्याय बघितला, तो १.०० वरच आहे. संगणक बंद-चालू केला. प्लेयर काढून पुन्हा टाकला, पण जुनी सेटिंग जशीच्या तशी परत आली.

अजून एक, कदाचित वेगळी अडचण असेल. मी याच संगणकावर तानपुऱ्याचं सॉफ्टवेअर चालवते. पूर्वी प्लेयरमध्ये राग आणि त्याखाली हा तानपुरा असं एकत्र लावता यायचं. आता प्लेयर सुरू केला की तानपुरा गप्प होतो, प्लेयर थांबवला की परत येतो.

एक कळकळीची विनंती. "सगळं उडवून नव्यानं टाका" हा उपाय शक्यतो सांगू नका. प्लेयरमध्ये प्रहरांप्रमाणे, थाटांप्रमाणे आणि विद्यार्थ्यांप्रमाणे लावलेल्या याद्या आहेत. कुठल्या मुलीला सध्या कुठल्या रागातली कुठली जागा ऐकवायची, हे सगळं त्यात आहे. आणि हे लवकर सुटायला हवं. मुलं ऐकून शिकतात. तोडीचा गंधार किती खाली ठेवायचा हे मी शब्दांत सांगू शकत नाही, तो त्यांना ऐकूनच घ्यावा लागतो, आणि तानपुऱ्याशी न जुळणारं ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवणं मला पटत नाही.

---

संकेत_ठाणे

ताई, सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे प्लेयरची आधीची आवृत्ती परत टाका आणि आपोआप अपडेट होणं बंद करा. बहुतेक फुकट प्लेयर जुन्या आवृत्त्या आपल्या साइटवर ठेवतात. तोपर्यंत काम चालवायचं असेल तर पिच, म्हणजे स्वराची उंची, बदलणारं प्लगइन (प्लेयरला जोडायचा पूरक भाग) मिळतं, त्यात दीड अर्धस्वर खाली आणा.

---

तबकडी७८

पिच बदलायचं प्लगइन कृपा करून लावू नका. स्वर खाली येईल पण लय वाढलेलीच राहील, आणि असल्या प्लगइननं तानपुऱ्याची जवारी आणि मींड दोन्ही खराब होतात. ज्यांना ऐकून शिकायचं आहे त्यांच्यासाठी तर ते नकोच.

मी जुन्या ७८ च्या तबकड्यांवरून ध्वनिमुद्रणं उतरवतो, त्यामुळे पट्टी चुकण्याचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा. ताई, आधी एक खात्री करून घ्या. चढलेलं ध्वनिमुद्रण मुळातच चढलेलं नाही ना? आपल्याकडे हे फार होतं. ७८ म्हणतात खरं, पण सुरुवातीच्या काळात तबकड्या नेमक्या त्या वेगानं कापलेल्याच नसत. मिनिटाला सत्तर फेऱ्यांच्या आसपासपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत काहीही सापडतं. पुढे विजेच्या मोटारी आल्या तेव्हा वेग स्थिरावला, तोही दोन ठिकाणी दोन. जिथे वीज ६० हर्ट्झची तिथे ७८.२६, आणि आपल्यासारख्या ५० हर्ट्झच्या देशांत ७७.९२. हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, त्याची चिंता नको. पण ७४ च्या वेगानं कापलेली तबकडी ७८ नं फिरवली तर ती जवळजवळ एक अर्धस्वर चढते. अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणं तुम्हा मिरजकरांना नव्यानं सांगायला नकोत. त्यांतली एकच चीज दोन वेगवेगळ्या सीडींवर दोन पट्ट्यांत ऐकायला मिळाली तर त्यामागे बहुधा हेच असतं. उतरवणाऱ्यानं वेग किती धरला यावर सगळं अवलंबून.

तुमच्या बाबतीत मात्र व्हीएलसीत तीच फाइल बरोबर वाजते, म्हणजे फाइल निर्दोष दिसते. तरी दोन मोजमापं करून टाका. एक, मोठा राग पूर्ण लावून घड्याळानं किती वेळ लागतो ते, आणि फाइलवर लिहिलेली लांबी किती ते. दोन, चुकणाऱ्या आणि न चुकणाऱ्या फाइलींच्या प्रॉपर्टीजमध्ये सॅम्पल रेट म्हणून काय आकडा दिसतो ते. हे दोन आकडे आले की इथलं कुणीतरी नेमकं सांगेल.

---

पांढरीपाच_मिरज

काका, फार आभार. खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रणांबद्दल म्हणता ते तंतोतंत खरं आहे. माझ्याकडे एकच ठुमरी दोन पट्ट्यांत आहे आणि मुलं विचारतात की यांतली खरी कुठली.

मोजमापं केली. फाइलवर ३२ मिनिटं लिहिलेला राग मोबाइलच्या घड्याळावर साडेएकोणतीस मिनिटांच्या जरा आत संपला. कॅमेऱ्यावरून काढलेला एक तुकडा लावला, तो सांगितलेल्या वेळेलाच संपला.

सॅम्पल रेट असा आहे. सीडीवरच्या सगळ्या फाइली ४४१०० हर्ट्झ. कॅसेटींवरून केलेल्याही ४४१००. कॅमेऱ्यावरच्या ४८०००. जे ४८००० ते सगळं बरोबर, जे ४४१०० ते सगळं चढलेलं. एकही अपवाद सापडला नाही.

संकेत, जुनी आवृत्ती टाकायला माझी हरकत नाही, पण नव्या आवृत्तीनं याद्यांची साठवण बदललेली असली तर जुनीला त्या वाचता येतील का, ही धास्ती वाटते.

---

ध्वनिवाहक

ताई, तुम्ही निदान जवळजवळ स्वतःच केलं आहे. मी पुण्यात ऑडिओ ड्रायव्हरवर, म्हणजे संगणक आणि आवाजाचं उपकरण यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतो. हा प्रकार आमच्याकडे इतक्या स्वच्छ स्वरूपात कुणी मांडून दाखवत नाही, म्हणून नीट उत्तर लिहितो.

डिजिटल फाइल म्हणजे आवाजाच्या मापांची एक लांबलचक यादी. सीडीवर सेकंदाला ४४,१०० मापं असतात, व्हिडिओच्या जगात ४८,०००. (हा ४४,१०० चा विचित्र आकडा कुठून आला, तर सुरुवातीला डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत असत. एका ओळीत ३ मापं, २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे अर्धी चित्रं), यांचा गुणाकार करा. युरोपीय पद्धतीचे २९४ ओळी आणि ५० फील्ड घेतलेत तरी तोच आकडा येतो. दोन्हीकडच्या यंत्रांना चालेल असा आकडा म्हणून तो सीडीला चिकटला.) वाजवणाऱ्या यंत्रानं ही मापं ज्या गतीनं घेतली त्याच गतीनं बाहेर सोडली पाहिजेत. तुमचा डॅक सेकंदाला ४८,००० च्या गतीवर अडकून बसला आहे आणि प्लेयर त्याला ४४,१०० वाली मापं जशीच्या तशी देतो आहे. मग सगळं भरभर संपतं.

आता तुमच्या आकड्यांशी ताडून बघा. ४८००० भागिले ४४१०० म्हणजे साधारण १.०८८. ३२ मिनिटांना यानं भागलं की २९ मिनिटं २४ सेकंद. तुमचं "साडेएकोणतीसच्या जरा आत" हेच. स्वराचं गणितही तेच. अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर १.०८८ म्हणजे १४७ सेंट. पुरुषांच्या काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, तो जातो सुमारे १५०.९ वर. पांढरी दोन १४६.८ वर आहे आणि काळी दोन १५५.६ वर. दोन पट्ट्यांच्या अधेमधे, जसं तुम्ही पहिल्याच लेखनात लिहिलंत. कानानं इतकं अचूक मोजलेलं पाहून मला मनापासून आनंद झाला.

संकेतला एक सांगायचं आहे. दीड अर्धस्वर हा अंदाज चांगला होता, पण हा फरक अंदाजानं खाली ओढण्याचा नाही. मूळ कारण काढलं की तो शून्य होतो.

कारण असं. विंडोजमध्ये प्लेयरला आवाज बाहेर काढायचे दोन रस्ते असतात. पहिला शेअर्ड. यात सगळ्या सॉफ्टवेअरचा आवाज विंडोजच्या मिक्सरमध्ये जातो. मिक्सर सगळ्यांना एका ठरलेल्या गतीवर आणतो, म्हणजे ४४१०० ची मापं गणितानं ४८००० मध्ये बदलतो, आणि मग डॅककडे पाठवतो. स्वर बदलत नाही. दुसरा एक्सक्लुझिव्ह. यात प्लेयर मिक्सरला बाजूला सारून डॅकचा पूर्ण ताबा घेतो आणि म्हणतो, आता ४४१०० वर ये. डॅकनं किंवा त्याच्या ड्रायव्हरनं "आलो" म्हणायचं आणि खरोखर यायचं. तुमचा "आलो" म्हणतो पण येत नाही. काही स्वस्त डॅकमध्ये हे मी स्वतः पाहिलं आहे.

आणि तानपुऱ्याचं सॉफ्टवेअर गप्प होणं ही वेगळी अडचण नाही, हाच त्याचा पुरावा आहे. एक्सक्लुझिव्हमध्ये ताबा एकाकडेच असतो, बाकीच्यांचा आवाज बंद. तुमचा प्लेयर पूर्वी शेअर्डवर होता म्हणून दोन्ही एकत्र वाजायचं. अपडेटनं आउटपुटचा पर्याय एक्सक्लुझिव्हवर नेलेला दिसतो. व्हीएलसी शेअर्डमधून जातोय म्हणून तिथे सगळं ठीक.

आता करायचं काय. सगळ्यात आधी, कशालाही हात लावण्यापूर्वी, याद्यांची प्रत घ्या. प्लेयरमधून प्रत्येक यादी एक्सपोर्ट करा आणि प्रकार निवडताना एम३यू८ निवडा, साधा एम३यू नको. शेवटचा ८ म्हणजे यूटीएफ-८. साध्या प्रकारात फाइलींची देवनागरी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसण्याचा धोका असतो, आणि तुमच्या फाइलींची नावं मराठीतच असणार असं धरून चालतो. प्लेयर बंद करून त्याचं सेटिंग्जचं सबंध फोल्डरही एखाद्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.

मग प्लेयरच्या प्रेफरन्सेसमध्ये आउटपुट किंवा प्लेबॅक डिव्हाइस असा भाग असेल. तिथे तुमचा डॅक दोनदा दिसेल, एक नुसता आणि एक एक्सक्लुझिव्ह लिहिलेला. नुसता निवडा. काही प्लेयरमध्ये एकच नाव आणि शेजारी खूण करायची चौकट असते, ती खूण काढा. तोडी लावा आणि तानपुरा जुळवून बघा.

जुळलं तर पुढच्या अपडेटनं हे पुन्हा होऊ नये म्हणून विंडोजमध्येच कडी लावून घ्या. सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, मग खाली मोअर साउंड सेटिंग्ज. प्लेबॅकच्या यादीत डॅकवर दोनदा क्लिक, वर अ‍ॅडव्हान्स्ड. तिथे अ‍ॅप्लिकेशननं उपकरणाचा पूर्ण ताबा घ्यायला परवानगी देणारी चौकट असते, तिची खूण काढा. मग कुठल्याही प्लेयरनं मागितला तरी त्याला ताबा मिळणार नाही.

याद्या उडवायची किंवा जुनी आवृत्ती टाकायची गरज पडेल असं मला वाटत नाही. तुम्ही म्हणता ती धास्ती रास्त आहे. नवीन आवृत्तीनं डेटाबेस बदलला असेल तर जुनीला तो वाचता न येणं अगदी शक्य असतं.

---

कुबेरनाथ_लिनक्स

ज्यांच्याकडे लिनक्स आहे आणि असंच काही होतंय त्यांच्यासाठी भर. पाइपवायर (लिनक्समधला आवाजाचा मिक्सर) मुळात ४८००० वरच चालतं आणि ४४१०० च्या फाइली स्वतः बदलून घेतं, त्यामुळे सहसा स्वर चढत नाही. पण प्लेयरमध्ये आउटपुट अल्सावर (त्याखालच्या ड्रायव्हरच्या थरावर) आणि थेट हार्डवेअरवर नेलं असेल तर हीच गत होऊ शकते. टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप चालवलं की कुठल्या उपकरणावर काय गती चालू आहे ते दिसतं. तिथे प्लेयर दिसतच नसेल तर तो पाइपवायरला टाळून जातोय. मॅकवाल्यांनी ऑडिओ मिडी सेटअपमध्ये बघावं.

---

पांढरीपाच_मिरज

सुटलं! आधी सगळ्या याद्यांची एम३यू८ मध्ये प्रत घेतली. फाइलींची नावं मराठीतच आहेत, एक यादी उघडून बघितली, सगळी अक्षरं जागच्या जागी आहेत. मग आउटपुटमध्ये गेले तर खरंच डॅकचं नाव दोनदा होतं आणि निवड एक्सक्लुझिव्हवर होती. नुसतं नाव निवडलं आणि तोडी लावली. काळी एक. तानपुऱ्याचं सॉफ्टवेअर सुरू केलं, तेही खाली वाजायला लागलं. विंडोजमधली ती चौकटही रिकामी केली आहे.

ध्वनिवाहक, तुम्ही स्वरांचे आकडे मांडून दाखवलेत ते मी वर्गात फळ्यावर लिहून मुलांना दाखवलं. एका मुलीनं लगेच विचारलं, की सेंट कळले तर मग गंधार किती सेंट खाली ते आपल्याला लिहून का देत नाही. त्यावर चांगली चर्चा झाली.

एक शंका उरली आहे. तुम्ही म्हणता की शेअर्डमध्ये विंडोज ४४१०० ची मापं गणितानं ४८००० मध्ये बदलतं. म्हणजे मूळ मापं राहत नाहीत, नवी बनवली जातात. यात जवारीचं, किंवा आवाजातल्या बारीक दाण्याचं नुकसान होतं का? मला ऐकून फरक जाणवत नाही, पण मी मुलांना ज्यावरून शिकवते ते शक्य तितकं मूळचं असावं असं वाटतं.

---

ध्वनिवाहक

उत्तम! प्रश्नही रास्त आहे. बदल होतो हे खरं. ४४१०० आणि ४८००० यांचं गुणोत्तर १४७ ला १६० असं आडवंतिडवं आहे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक माप नव्यानं काढावं लागतं. पण हे काढणं म्हणजे अंदाज नाही. ठरावीक वरच्या मर्यादेच्या आतला आवाज असेल तर मापांमधली रेषा नेमकी कशी गेली हे गणितानं एकाच प्रकारे ठरतं, आणि सीडीच्या बाबतीत ती मर्यादा २२,०५० हर्ट्झ आहे, म्हणजे माणसाच्या कानाच्या पलीकडे. जवारीतले ओव्हरटोन, म्हणजे मूळ स्वरासोबत ऐकू येणारे वरचे बारीक स्वर, त्याच्या बरेच आत येतात. विंडोजचा मिक्सर हे काम पुरेसं चांगलं करतो. तुमचा कान फरक सांगत नाही तर त्याच्यावर विश्वास ठेवा, तो कान किती बारीक आहे ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

तरी मनाचं समाधान हवं असेल तर प्लेयरसाठी सॉक्स या ध्वनीच्या सॉफ्टवेअरवर आधारलेलं रीसॅम्पलर (मापांची गती बदलणारं) प्लगइन मिळतं का बघा. ते मिक्सरपेक्षा वरच्या दर्जाचं असतं. त्यात लक्ष्य ४८००० ठेवा, म्हणजे मिक्सरला बदलायला काही उरणारच नाही.

मिक्सरचीच गती ४४१०० वर आणण्याचा पर्यायही त्याच अ‍ॅडव्हान्स्डमध्ये आहे, पण तुमच्या डॅकच्या बाबतीत तो करू नका. तो ४४१०० वर जातच नसेल तर मग संगणकातला सगळाच आवाज चढेल, व्हीएलसीसकट.

प्लेयर बनवणाऱ्यांना मात्र जरूर कळवा, तक्रार म्हणून नाही तर माहिती म्हणून. अपडेटच्या आधीची आणि नंतरची आवृत्ती, डॅकचं नाव, एक्सक्लुझिव्हमध्ये ४८००० बरोबर आणि ४४१०० चढं, शेअर्डमध्ये दोन्ही बरोबर. इतकं पुरे. ज्यांच्याकडे असाच डॅक आहे त्या सगळ्यांचं काम होईल. चूक डॅकची असली तरी न विचारता आउटपुट बदलायला नको होतं, हे माझं मत त्यांना माझ्याकडूनही लिहितो.

---

पांढरीपाच_मिरज

आजच लिहून पाठवते.

काका, आता तुमच्याकडे वळते. प्लेयर बरोबर झाल्यावर सीडी सगळ्या जुळल्या, पण गुरूंच्या कॅसेटींवरून केलेल्या फाइली अजूनही जुळत नाहीत. व्हीएलसीतही तेच. पूर्वीपासून त्या थोड्या चढ्या होत्या, मी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पट्टी हलवून काम भागवायचे. अर्ध्या स्वरापेक्षा कमी फरक आहे. आमचे गुरू काळी एकला गात. आता नीटच करायचं ठरवलं आहे. कसं करू?

---

तबकडी७८

हा प्लेयरचा प्रश्न नाही, टेपचा आहे. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. घरगुती टेपरेकॉर्डर, त्याचे झिजलेले पट्टे, सेल उतरत आलेले, या सगळ्यांमुळे त्यात दोन-चार टक्के सहज इकडेतिकडे होतात. सहा टक्क्यांना एक अर्धस्वर, त्यावरून हिशेब करा. ध्वनिमुद्रण करताना फीत हळू चालली असेल किंवा दुकानातला डेक जास्त वेगानं चालला असेल, दोन्हींचा परिणाम एकच, वाजताना स्वर चढतो.

दुरुस्तीसाठी ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर वापरा. त्यात वेग आणि स्वर दोन्ही एकत्र बदलणारा इफेक्ट आहे, तोच घ्या. नुसता स्वर बदलणारा वेगळा आहे, तो नको, कारण इथे लयही चढलेली आहे. मूळ फाइल कधीही पुसू नका, दुरुस्त केलेली वेगळ्या नावानं ठेवा आणि नावातच किती टक्के बदल केला ते लिहा. उद्या आणखी चांगलं उत्तर सापडलं तर परत जाता आलं पाहिजे.

किती टक्के बदलायचं हा खरा प्रश्न. गुरू काळी एकला गात हे पुरेसं नाही. बैठकीत तानपुरे थोडे उतरवून लावले जातात, पावसाळ्यात वेगळे, वय झाल्यावर वेगळे. मी आधी ध्वनिमुद्रणातला विजेचा गुणगुणाट शोधतो. शांत जागा निवडून स्पेक्ट्रम (कुठली वारंवारिता किती जोरात आहे याचा आलेख) काढला तर ५० हर्ट्झच्या आसपास, किंवा १०० आणि १५० ला, एक टोक दिसतं. ते ५२ ला दिसलं तर फीत सुमारे चार टक्के जास्त वेगानं वाजली आहे असं म्हणता येतं. यात दोन अडचणी. गुणगुणाट दुकानातल्या डेकचा असेल तर तो ५० लाच दिसणार आणि काहीच सांगणार नाही. आणि जुन्या काळी आपल्या ग्रिडची वारंवारिता स्वतःच बरीच हलायची, त्यामुळे हे मोजमाप ढोबळच धरायचं.

म्हणून विचारतो, त्या बैठकीत साथीला पेटी होती का? आणि कोणती होती ते ठाऊक आहे का?

---

पांढरीपाच_मिरज

होती. बहुतेक कॅसेटी गुरूंच्या घरातल्याच बैठकीच्या आहेत आणि पेटी तिथलीच. ती आता माझ्याकडे क्लासमध्ये आहे, रोज वापरात आहे.

---

तबकडी७८

मग तुमच्याकडे असलेला पुरावा माझ्या स्पेक्ट्रमपेक्षा कितीतरी भक्कम आहे. आधी एक आठवून सांगा, मधल्या काळात तिचे स्वर तासून घेतले होते का? घेतले असतील तर कोणत्या सुमारास, आणि कॅसेटी त्याच्या आधीच्या की नंतरच्या.

तासले नसतील तर असं करा. पेटीचे मधल्या सप्तकातले चार-पाच स्वर एकेक करून, भाता एकसारखा ठेवून, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. भात्याचा दाब बदलला की सूरही थोडा हलतो, म्हणून प्रत्येक स्वर दोन वेगवेगळ्या दाबांनी घ्या. मग कॅसेटमध्ये जिथे पेटी एकटी, लांब स्वर धरून आहे, गायक थांबले आहेत, अशा जागा शोधा आणि त्याच पट्ट्यांची वारंवारिता काढा. प्रत्येक पट्टीचं गुणोत्तर जवळजवळ सारखं आलं तर तोच तुमचा टक्का. एखादीच पट्टी वेगळी आली तर ती बिघडलेली रीड (पेटीतली स्वर देणारी पितळी पाती) समजून सोडून द्या. कॅसेटच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तिन्हीकडे मोजा, कारण फीत शेवटाकडे वेग बदलते. तिथे फरक आला तर एकच टक्का सबंध बाजूला लावून चालणार नाही, तुकडे पाडावे लागतील. ते कसे पाडायचे ते तुमचे आकडे आले की सांगतो.

---

पांढरीपाच_मिरज

स्वर एकदाच तासले आहेत, माझ्याकडे आल्यावर, म्हणजे सगळ्या कॅसेटींच्या नंतर. पण मिरजेतल्याच कारागिरांनी केलं आहे आणि तासण्याआधी प्रत्येक रीड किती चढी-उतरी आहे ते त्यांनी माझ्यासमोर वहीत लिहून घेतलं होतं. ती वही त्यांच्याकडे असेल तर उद्या संध्याकाळी जाऊन आकडे उतरवून आणते आणि इथे टाकते.